फळीमागचा दीड हात

मिस्त्रींनी बाथरूमच्या जाळीत चिंध्यांचा बोळा कोंबला, त्यावर दगड ठेवला आणि नव्या लाद्यांवर चार बोटं पाणी भरलं. पाणी जिथवर आलं तिथे भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. उद्या याच वेळेला पाणी रेघेशी असलं आणि खालच्या वहिनींचं छत कोरडं राहिलं, की काम पक्कं, असं ते म्हणाले. तो मंगळवार होता. शुक्रवारी सासूबाईंना हॉस्पिटलमधून सोडणार होते.

धाकट्या भाऊजींनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. बाथरूम तयार असेल, भिंतीला धरायच्या दांड्या असतील, कुठे ओल नसेल, तर आई तुमच्याकडे. नाहीतर मी तिला माझ्याकडे नेतो. त्यांचं घर आठ तासांवर. नवराबायको दोघं सकाळी बाहेर पडतात ती दिवे लागल्यावर परततात. म्हणजे दिवसभर सासूबाईंच्या सोबतीला पगारी बाई आणि समोर टीव्ही. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून एवढंच म्हटलं होतं, "मला तिकडे पाठवू नका गं." बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

पाणी कुठून मुरतंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी ओट्याखालची कपाटं फुगली, दारं लागेनात. मग बाथरूमच्या लाद्या पायाखाली पोकळ वाजायला लागल्या. खालच्या वहिनींच्या छताचा पोपडा त्यांच्या चहाच्या कपात पडला, तेव्हा त्या कप घेऊनच वर आल्या. आणि त्याच आठवड्यात सासूबाई पहाटे स्वयंपाकघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बाथरूमचं पाणी बाहेर आलं असेल, लाद्याच गुळगुळीत, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही.

मग फोडाफोड सुरू झाली. शेगडी बाहेरच्या खोलीत टेबलावर आली, भांडी गच्चीत बादलीत घासायची, दह्याच्या वाटीतसुद्धा सिमेंटची कचकच. अंघोळीला मी उजाडायच्या आधीच वहिनींकडे जायचे. त्या दार उघडून म्हणायच्या, "या. तुमच्याकडचं पाणी छतातून येतंच आहे, आता तुम्हीही या." पण टॉवेल त्यांनी माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला होता.

इतक्या पहाटे अंघोळ, कारण माझा नेम आहे. उजाडायच्या आत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या फळीवर तांब्याभर पाणी ठेवायचं, दिवा लावायचा, आणि दिवा लागेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. अकरा वर्षांत खंड नाही. हे म्हणतात, देवालाही कधी सुट्टी हवी असेल, विचारून तरी बघ. सासूबाई पडल्या त्या दिवशी मी त्यात आणखी एक घातलं, की त्या घरी येईपर्यंत दिव्याची जागा हलवायची नाही.

ती फळी म्हणजे भिंतीतच बसवलेला दगड. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. जुना पाइप त्या दगडामागूनच जातो. मिस्त्री म्हणाले होते, पाइप सगळाच बदलूया, फळी काढावी लागेल. मी हात जोडले. त्यांनी क्षणभर दिव्याकडे पाहिलं आणि छिन्नी खाली ठेवली. देवाच्या जागेवर घाव घालायला माझाही हात उठत नाही ताई, म्हणाले. दोन्हीकडून नवा पाइप आणून मधल्या जुन्याला जोडू, दीड हात तर आहे. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. यांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, की पाइपालाही नेम कळवलाय ना.

बुधवारी ठरल्या वेळी मिस्त्री आले. पाणी रेघेवर जसंच्या तसं. त्यांनी रेघेवर बोट टेकवलं आणि पहिल्यांदाच हसले. मी डोळे मिटून घेतले. मनात सासूबाईंची खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं. तेवढ्यात खालून वहिनींची हाक आली.

त्यांच्या छताच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग होता आणि मधोमध एक थेंब लोंबत होता. मिस्त्रींनी मान वर करून डाग पाहिला. मग त्यांनी भिंतीपासून हातांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाथरूम पक्कं आहे ताई. हा कोपरा बाथरूमखाली येत नाही. हा तुमच्या देवाखाली येतो."

 वर येताना जिन्यातच माझ्या लक्षात आलं.

गेले चार-पाच महिने रोज पहाटे फळीखालची फरशी ओली असायची. मला वाटायचं, तांब्या काठोकाठ भरते, हिंदकळत असेल. मी फडक्याने पुसायचे. तेव्हा बोलायचं नसायचं. दिवा लागायचा तोवर फरशी कोरडी झालेली असायची, आणि कोरड्या फरशीबद्दल कोण कुणाला काय सांगणार? पुढे पुढे तर ते पुसणंही मला नेमातलंच वाटायला लागलं. थोडंसं गोडही वाटायचं, खोटं कशाला बोलू. सासूबाई पडल्या त्या पहाटे मी अंघोळीला होते. फरशी पुसायची राहिली होती.

मिस्त्री म्हणाले, तुम्ही दिवा उचला, मग बघतो. मी दिवा बाहेरच्या खिडकीत नेऊन ठेवला. परत आले तरी ते हातोडी-छिन्नी धरून तसेच उभे. तेव्हा मी त्यांच्या हातातून दोन्ही घेतली. पहिला घाव दगडावर न बसता माझ्या अंगठ्यावर बसला. दुसरा दगडावर बसला. मग त्यांनी मला बाजूला केलं.

फळीमागच्या जुन्या पाइपाचा जोड हिरवा पडला होता. त्यातून दोऱ्याएवढी बारीक धार गळत होती. आवाज नाही, काही नाही. खालची भिंत फरशीपर्यंत काळी झाली होती.

पाइप बदलायला अर्धा दिवस लागणार होता. पण भिंत वाळल्याशिवाय प्लास्टर नाही, प्लास्टर वाळल्याशिवाय टाइल्स नाहीत आणि तोवर पाणी सोडायचं नाही. मी विचारलं, शुक्रवारपर्यंत? मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, माणसं वाढवा, पंखे लावू, मी स्वतः विटा उचलते. ते म्हणाले, "ताई, भिंतीला घाई कळत नाही."

हे म्हणाले, भाऊजींना फक्त काम लांबलं म्हणून सांगूया, बाकी कशाला? आई बाथरूममुळे पडली असंच सगळे धरून आहेत, तसंच राहू दे. ते माझ्या भल्यासाठीच म्हणत होते. मी रात्र तशीच काढली. गुरुवारी पहाटे खिडकीत दिवा लावला आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो एवढाच, की मी हॉस्पिटलमध्ये जाते.

भाऊजी तिथेच होते, पिशव्या भरत. मी सासूबाईंच्या पायांशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फळी, फडकं, पाच महिने. फडक्याचं सांगताना माझा आवाज इतका खाली गेला, की भाऊजींनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

ऐकून ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पिशवीची चेन हळू लावत म्हणाले, "वहिनी, दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, मान्य. पण दिवा लागल्यावर तर दिवसभर मोकळीक होती."

 

सासूबाई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी बघायचे तुला रोज फरशी पुसताना. मला वाटायचं, तुझ्या नेमातलं असेल. म्हणून विचारलं नाही."

शुक्रवारी त्या भाऊजींबरोबर गेल्या. गाडीत बसवताना त्यांची काठी मी आत सरकवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण हात धरला नाही. कदाचित दोन्ही हातांनी सीट धरली होती म्हणून असेल.

आता सगळं झालंय. ओट्याखालची दारं नीट लागतात. बाथरूममध्ये स्टीलच्या दांड्या आहेत, बसायला स्टूल आहे, लाद्या खरखरीत घेतल्या. त्या स्टुलावर अजून कुणी बसलेलं नाही. फळी मी पुन्हा बसवू दिली नाही, तिथे नुसती पांढरी भिंत आहे. वहिनींच्या छतालाही रंग दिला. त्या वर येऊन सगळं बघून गेल्या, स्टूलसुद्धा त्यांनी हाताने दाबून बघितलं.

भाऊजी फोनवर म्हणाले, महिनाभर भिंत कोरडी राहू दे, मग बघू. त्यांच्या "बघू"चा अर्थ मी यांना विचारला. हे म्हणाले, मला काय माहीत. सासूबाईंना फोन दिला की त्या जेवलीस का विचारतात, मी हो म्हणते, मग मागे टीव्हीचा आवाज येत राहतो.

पहाटे अंघोळ करते. दिवा लावायच्या आधी त्या भिंतीला तळहात टेकवते, खालपासून वरपर्यंत, आणि मोठ्याने म्हणते, कोरडी आहे. बिछान्यातून हे विचारतात, कुणाला सांगतेस? नेम मोडला तो मोडला.

आज एकविसावा दिवस. हात लावला, गार लागला. गार म्हणजे ओली नव्हे, पहाटेची भिंत गारच असते. तरी मी यांना उठवलं आणि त्यांचाही हात धरून भिंतीला लावला.