म्हाळसाबाईंची न संपलेली डबी

मी एक जुनी डबी आहे, औषधाची. पांढऱ्या प्लास्टिकची, हिरव्या झाकणाची आणि अजून बऱ्यापैकी भरलेली. लोणच्याच्या बरणीला भरलेलं असणं शोभतं, मित्रांनो. औषधाच्या डबीला इतक्या वर्षांनी ते शोभत नाही. तरी मी अशी का राहिले, ते सांगते.

माझा जन्म कोरेगाव भीमाजवळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. तिथे आम्हाला कुणी डबी म्हणूनसुद्धा मोजत नसे, पोत्यात भरून पाठवत. पुढे एका औषध कंपनीत माझ्या पोटात गोळ्या पडल्या आणि माझा रुबाब वाढला. रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी होती ती. रोज घेतली तर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत जगे. सोडली, की आजार पुन्हा डोकं वर काढी.

मी देशी कंपनीची. मूळ गोळी एका परदेशी कंपनीने काढलेली. ती रंगीत खोक्यात, चंदेरी शिक्का मिरवत येई. आतलं औषध एकच, पण तिचा भाव ऐकून माणसं खुर्ची धरून बसत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसा प्रकार होता तो.

शिरूरच्या बापूसाहेबांच्या मेडिकलमध्ये मी आले, तेव्हा दोन हजार तीनची दिवाळी होऊन गेली होती. केंदूरच्या म्हाळसाबाईंसाठी बापूसाहेब पुण्याहून मुद्दाम आम्हाला मागवत. म्हाळसाबाईंना हा आजार झाल्याचं कळून वर्ष झालं होतं. आधी अंथरुणाला खिळलेल्या बाई या गोळीने उठून कोकरांमागे धावू लागल्या होत्या. दर महिन्याला त्यांचे यजमान हौशीराम आबा बाजारात मेंढरं विकत आणि आमच्यापैकी एकीला घरी नेत. माझ्या थोरल्या बहिणी तिथे रिकाम्या झाल्या आणि कुणी मोहरीची झाली, कुणी सुई-दोऱ्याची. सुखाने नांदत होत्या बिचाऱ्या.

माझ्या वेळी मात्र बापूसाहेबांनी मला काउंटरवर ठेवलं आणि वरचा हात काढलाच नाही.

"आबा, ही शेवटची. देशी गोळी बंद झाली."

"बंद? कंपनी बुडाली का काय?"

"न्हाई वो. त्या परदेशी कंपनीला सरकारनं हक्क दिलाय. आता ही गोळी तिनं एकटीनंच इकायची."

"मग तिची द्या की. आपल्याला काय, गोळीशी मतलब."

बापूसाहेबांनी भाव आबांना समजेल असा सांगितला. "आत्तापातूर म्हयन्याला चार मेंढरं जात व्हती. आता निम्मा वाडा जाईल. दर म्हयन्याला."

दोन महिन्यांतच आबांचा मेंढरांचा वाडा रिकामा होणार होता.

"आसं काय घालत्यात वो त्यात? सोनं?"

"घालायला फार लागत न्हाई. पर शोध लावायला लई खर्च आला, म्हणत्यात."

"आला आसंल. त्यो समदा आमच्या मेंढरांनी फेडायचा व्हय?"

शोधाला खर्च येतो, हे मीही नाकारत नाही. कुणीतरी डोळे फोडून ते औषध शोधलं, त्यांचे उपकारच आहेत. पण मी गोळ्या बनतात तिथूनच आलेली आहे. गोळी बनवायला काय पडतं, ते माझ्यापासून कसं लपेल? भाव त्यावर ठरतच नव्हता. विकणारा एकच आणि घेणाऱ्याच्या जिवावर बेतलेलं, मग भाव सांगणाऱ्याला कुणाची भीती? अडला हरी गाढवाचे पाय धरी.

आबांनी मला घरी आणलं. म्हाळसाबाईंनी माझ्यातल्या थोड्या गोळ्या घेतल्या. मग एका सकाळी आबांकडून नव्या भावाची सगळी हकीकत त्यांना कळली आणि त्यांनी माझं झाकण घट्ट लावलं.

"आवं, म्या आता धडधाकट हाय. ही ऱ्हाऊ द्या जपून. पुन्यांदा दुखणं आलं तर कुठनं आणायची?"

त्यांची सून प्रतिभा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आत्या, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलीय. बरं वाटलं तरी."

"पोरी," आबा म्हणाले, "मेंढरू उभं राह्यलं, चराया लागलं, की डोस थांबवायचा. उरल्यालं औषध दुसऱ्या येळंला ठिवायचं. माझ्या आज्यापास्नं आमी हेच करतो."

खोटं नव्हतं ते. त्याच रीतीने त्यांनी किती मेंढरं जगवली होती. म्हणून तर दोघांनाही चूक दिसली नाही. मेंढराच्या आजाराचं शहाणपण त्यांनी या आजाराला लावलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्या तोंडावर झाकण होतं.

म्हाळसाबाईंनी मला पत्र्याच्या पेटीत, इरकली लुगड्याच्या घडीत ठेवलं. दागिना ठेवावा तसं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता आणि एवढी एकटीही मी कधी पडले नव्हते. सकाळी मेंढरं बाहेर जाताना घंट्या वाजत, संध्याकाळी परतताना वाजत. त्यावरून दिवस कळे. म्हाळसाबाईंचा आवाज ऐकला की मी मनात म्हणे, बाई, उघडा की पेटी. मी तुमच्यासाठीच आहे. मला फार वाईट वाटे, मित्रांनो. ज्या कामासाठी आपला जन्म, ते काम भिंतीपलीकडे चालतं-बोलतं असावं आणि आपण लुगड्यात पडून राहावं!

उन्हाळ्यात त्यांचा आवाज बारीक झाला. ताप येऊ लागला. पोटाची डावी बाजू पहिल्या दुखण्यात फुगली होती, तशी पुन्हा फुगली. तेव्हा पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि रोज गोळी सुरू झाली. पुढे कमी पडू नये म्हणून आबांनी त्यांना न सांगता निम्मा वाडा विकून ते रंगीत खोकंही आणलं. पण थोड्याच दिवसांत पुण्याचे डॉक्टर तपासून म्हणाले, "आजार आता या गोळीला जुमानत नाही. मध्येच बंद का केली?"

गोळ्या थांबल्या. म्हाळसाबाईंनी घरीच प्राण सोडला. जाण्याआधी त्यांनी आबांना एवढंच विचारलं, "मेंढरं कशाला वो इकली?"

पुढे परदेशी कंपनीचा तो एकटीने विकायचा हक्क टिकला नाही. देशी गोळी पुन्हा निघाली, पहिल्याहून स्वस्त. बापूसाहेबांनी बाजारात गाठून आबांना ते सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला. आबा नुसते "बरं झालं, दुसऱ्या कुणाला तरी" म्हणाले आणि चालू लागले.

मला त्यांनी टाकलं नाही. त्यांच्या बंडीच्या खिशात मी असते. उरलेली मेंढरं घेऊन ते दौंडच्या बाजूला जातात, शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. मी त्यांच्या बरगडीला लागून असते आणि आम्ही दोघं एकमेकांना काही विचारत नाही.

एकदा वरवंडला साहेबरावांच्या रानात मुक्काम होता. साहेबरावांची सून स्नेहल चहा घेऊन आली. तिलाही हाच आजार असल्याचं बोलण्यातून निघालं. गोळी घरात होती, परवडतही होती.

"पण आठ दिस झालं, घेतली न्हाई," ती हसत म्हणाली. "आता बरं वाटतंय. ऱ्हाईल शिल्लक, पुढं होईल उपयोग."

आबांनी कप खाली ठेवला. मला काढलं आणि तिच्या कानाजवळ नेऊन हलवलं.

"वाजती का? ह्या माझ्या मालकिणीनं शिल्लक ठिवल्याल्या गोळ्या. ह्या हायेत, ती न्हाई. पोरी, डबी संपली तर दुसरी मिळंल. न्हाई मिळाली तर म्या मेंढरू इकून दीन. पर तू डबी शिल्लक ठिवू नगंस. तू शिल्लक ऱ्हा."

स्नेहल हसायची थांबली. ती घरात गेली, हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला आणि मग ती दारात येऊन आबांना म्हणाली, "घेतली."

मित्रांनो, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका आणि घरातल्या माणसांनाही सोडू देऊ नका. तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होईल, एखाद्या कंपनीत बसून गोळीचा भाव ठरवील. त्याने ठरवण्याआधी एकदा केंदूरला यावं. आबा चहा पाजतील, त्याच्या ओंजळीत माझ्यातल्या गोळ्या ओततील आणि विचारतील, "साहेब, आता ह्या कुणाला द्यायच्या?"