भारतनं न दिलेला नकार

अंबडच्या त्या स्विचच्या कारखान्यात खंडेनवमी म्हणजे जत्राच! मशिनांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना आत यायची परवानगी. एरवी डबासुद्धा उघडून बघणारा वॉचमन आज पोरंटोरं, सासवा, नवरे, सगळ्यांना खुशाल आत सोडत होता.

मनीषानंही छोट्या साईला नवा शर्ट घालून नवऱ्याबरोबर, भारतबरोबर, बोलावलं होतं. पण भारत आत येणार म्हणजे तिच्या मैत्रिणीच्या, नसीमच्या समोर येणार, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिथंच घोटाळा झाला.

कंपनीनं नवीन काढलं होतं. घरात लहान मूल असलेल्या दोघींनी मिळून एक जागा चालवायची. एकीनं सकाळी बसायचं, दुसरीनं जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि पगारही अर्धा-अर्धा. नसीम तर आनंदानं उडालीच! तिच्या लेकीला सांभाळणारी नणंद लग्न होऊन मालेगावला गेली होती. जोडीदारीण मिळाली तर ठीक, नाहीतर नोकरी सोडून घरी. आणि जोडीदारीण म्हणून तिला मनीषाच हवी होती. एका टेबलावर काम करणाऱ्या, एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या दोघी!

मनीषानं विचार केला नाही असं नाही. द्वारकेच्या स्टॉपवर बसची वाट बघताना केला, भाकरी थापताना केला. साई दुपारचा शेजारच्या वत्सलाबाईंकडे असायचा, तो आपल्याजवळ राहील, हे तिला कळत होतं. पण ती दुपार डोळ्यांसमोर आली, भांडी, धुणं, पोराला थोपटत पडणं, की तिचा जीव गुदमरायचा. आणि इकडे मशिनवर ती राणी होती! हात असे चालायचे की बाकीच्या बघत राहायच्या. ते अर्धं करायचं? नको वाटत होतं. पण आईला असं वाटावं, याचीच तिला इतकी लाज वाटत होती की शेवटी तिनं बायकांचं हुकमी उत्तर फेकलं, "अगं, आमचे हे नको म्हणतात."

बिचारा भारत! त्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

आज संध्याकाळपर्यंत साहेबांना नावं द्यायची होती. आरती संपली तशी नसीम लेकीला कडेवर घेऊन थेट भारतसमोर उभी राहिली.

"भारतभाऊ, एक बोलू? रागावू नका. मनीषाला हो म्हणा ना. तुमच्या नाहीमुळे माझी नोकरी चाललीय."

भारतच्या तोंडात पेढा तसाच राहिला. "मी कशाला नाही म्हटलं?"

"अर्ध्या पाळीला."

"कसली अर्धी पाळी? मनीषा, ही काय म्हणते गं?"

मनीषा मशिनवरची माळ उगाच सरळ करत राहिली.

"तू यांना विचारलंच नाहीस?" नसीमनं विचारलं.

"नाही. मलाच नको होतं. मला दुपारी घरी नाही बसायचं."

"या अल्ला! आणि मी रोज यांना शिव्या घालत होते!" नसीम हसायला गेली, पण हसू काही जमलं नाही. "तेव्हाच सांगायचंस ना, मनीषा. दुसरीला विचारलं असतं. भाऊ आज ना उद्या हो म्हणतील म्हणून थांबले मी."

भारत हळूच म्हणाला, "निदान भांडायला तरी विचारायचंस." आणि साईला उचलून बाजूला झाला.

मनीषाला तिथं उभं राहवेना. ती तडक शेजारच्या मशिनपाशी गेली. "ठमाबाई, नसीमबरोबर अर्धी पाळी करता का? नातीला सांभाळता ना तुम्ही?"

"मी कशी करू बाई? घर माझ्यावर चालतं. पण तू का नाही करत? पोरगा एवढुसा तुझा."

सगळे ऐकत होते. भारतसुद्धा.

"मला पूर्ण पाळी आवडते."

"अगो बाई!" ठमाबाईंनी साईकडे बघितलं. मनीषानंही बघितलं, आणि पुढच्या टेबलाकडे वळली.

तिथं कमळाबाईनं तेच विचारलं, "तू का नाही?" पुन्हा तेच उत्तर. या वेळी आवाज आणखीच खोल गेला. नसीम लेकीला घेऊन मागोमाग येत होती.

शेवटी कडेच्या टेबलावरच्या रूपालीनं मांडीवरच्या आपल्या बाळाकडे बघितलं. "सकाळची मिळेल का मला?"

"घे की!" नसीम म्हणाली. "मला दुपारची चालेल."

दोघी घाईघाईनं साहेबांच्या केबिनकडे निघाल्या, आपापली लेकरं सावरत, एकमेकींशी बोलत. मनीषाला 'चल' असं कुणी म्हटलं नाही.