कन्येच्या खणात कुंभेची कार्डं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. बस स्टँडवर, पाण्याच्या नळाशेजारी उभा असतो. पण मला साधासुधा काटा समजू नका हं! माझ्या छातीवर बारा राशींची बारा बटणं आहेत आणि पोटात बारा खण. नाणं टाकून उभं राहायचं, वजन बघायचं, आपल्या जन्मतारखेच्या राशीचं बटण दाबायचं, की खालून भविष्याचं कार्ड टपकायचं. एके काळी माझ्यापुढे ही झुंबड उडायची! बायका माझ्या आरशात केस नीट करायच्या, मुलं उड्या मारमारून माझा जीव खायची.

मला घडवणाऱ्या मिस्त्रीने बाराही खण अगदी सारखे केले होते. राशी बारा, तेव्हा माणसंही सारखीच वाटली गेली असतील, असं त्या भल्या माणसाला वाटलं. माझा मालकही दर सोमवारी प्रत्येक खणात सारखाच गठ्ठा भरायचा. आणि काय सांगू, मी चकितच झालो! कन्येचा खण दोन दिवसांत रिकामा, तुळेचा त्याच्या मागोमाग, आणि कुंभेचा खण जसाच्या तसा! आमच्या गावात कन्या राशीची माणसं पैशाला पासरी, आणि कुंभेचं औषधालाही सापडेना.

तिकीट खिडकीवरच्या ताईंना त्याचं नवल नव्हतं. त्यांची रास कन्या. "आमच्या घरात चार वाढदिवस पावसाळा सरताना एकाच महिन्यात येतात," त्या हसत म्हणायच्या. "केक करून करून हात मोडतात. आणि थंडी सरताना बघाल तर एकाचाही नाही!" म्हणजे पाळणे बारा महिने सारखे हलत नाहीत तर! मला कुठे ठाऊक होतं?

मालक मात्र वैतागला. "कन्येची कार्डं संपली की गिऱ्हाईक बोंब मारतं, आणि ही कुंभेची पडून राहतात!" एके दिवशी त्याने कात्री आणली. कुंभेच्या कार्डावर वरच्या बाजूला घागरीचं चित्र असायचं. चार कार्डं कुंभेच्या खणात ठेवून बाकीच्यांवरचं ते चित्र त्याने कचाकच कापलं आणि ती कन्येच्या खणात कोंबली. "कोण बघतंय!" म्हणाला. मित्रांनो, मला तोंड असतं तर स्टँड डोक्यावर घेतलं असतं!

त्याच आठवड्यात ताईंच्या भावाचा फोन आला. आई फार आजारी होती. "ताई, तिने तुझाच धोशा लावलाय गं. असशील तशी निघून ये."

ताई थेट माझ्याकडे आल्या. कन्येचं बटण दाबलं. कार्ड पडलं : 'प्रवास टाळा. घरच्यांना त्रास संभवतो.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. "मी गेले आणि आईलाच काही झालं तर?" त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दुसरं काय पडणार? एका गठ्ठ्यात एकच मजकूर असतो! आणि ताई खिडकीत बसून, डोळे पुसत, आईच्याच गावाची तिकिटं दुसऱ्यांना देत होत्या. ते बघून माझ्या स्प्रिंगा तुटायच्या बाकी होत्या.

त्या गावची गाडी नेणारे ड्रायव्हरकाका हे आमच्या स्टँडवरचे एकुलते एक कुंभवाले. त्या तिसऱ्या सकाळी त्यांनी गंमत म्हणून बटण दाबलं आणि कार्ड घेऊन हसतच खिडकीशी गेले. "ऐका, ताई! 'प्रवास टाळा' म्हणे! मी प्रवास टाळला तर गाडी काय तुम्ही ढकलत नेणार?"

ताईंनी ते कार्ड ओढूनच घेतलं. आपलं कार्ड शेजारी धरलं. शब्द न् शब्द तोच! फक्त ताईंचं कार्ड आखूड होतं आणि वरच्या कडेला घागरीचं बूड तेवढं राहिलं होतं.

"काका, ही घागर माझ्या कार्डावर कशी?"

"अहो, हे माझ्या राशीचं आहे! कापलंय कोणीतरी."

"या चिठोऱ्यापायी मी आईला भेटायला गेले नाही हो!" ताईंना हुंदका आवरेना.

काकांचं हसू कुठल्या कुठे पळालं. "आधी गाडीत बसा."

"आणि खिडकी?"

"खिडकी घाला चुलीत! बसा म्हणतो ना!"

गाडी गेली. पुढे लोकांनी मालकाला असा फैलावर घेतला, की त्याने बाराही खणांवर पत्रा ठोकला. मग मुलं यायची थांबली. धूळ साचली, आरसा तडकला.

बऱ्याच दिवसांनी ताई परत आल्या, आईला हाताला धरून. आई माझ्यावर उभ्या राहिल्या. इतक्या हलक्या, की मला माझ्याच काट्याची शंका आली!

"ही बटणं कसली गं?" आईंनी बोट पुढे केलं.

ताईंनी ते बोट अलगद धरलं. "ते बंद आहे, आई. तू वजन बघ."

आई उतरल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "तू येईपर्यंत मी दाराकडेच तोंड करून निजायची. कुठे अडकली होतीस गं?"

ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आईचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, जमलं तर माझी धूळ पुसा, थोडं तेल घाला. तुमचं वजन मी अजूनही खरं सांगेन. पण घरून कोणी बोलावलं असेल, तर माझ्यापाशी थांबू नका. सरळ गाडीत बसा.