दोघींना उचलणारी काठी

मी एक जुनी काठी आहे, बांबूउडीची. मित्रांनो, नावात बांबू असला तरी माझ्या अंगात बांबूचा धागाही नाही. काचेच्या तंतूंचं कापड एका लोखंडी दांड्याभोवती गुंडाळलं, भट्टीत भाजलं, दांडा ओढून काढला आणि पोकळ अशी मी उरले. किती वजनाच्या खेळाडूने मला वापरायचं, ते माझ्या अंगावर छापलं गेलं.

समुद्र ओलांडून मी ट्युनिशियाला आले. सूसा शहरातले प्रशिक्षक सी लमजद ('सी' म्हणजे तिथलं 'श्रीयुत') मला बंदरावरून घेऊन गेले, तेही मासळीच्या टेम्पोवर बांधून. माझं टोक मागे बाहेर आलेलं, त्याला लाल फडकं. मैदानात उतरले तेव्हा मला सार्डिनचा वास येत होता. ज्या मुलीसाठी मी आले होते तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर नाक दाबलं.

तिचं नाव दुर्सफ. तिची आई जुन्या गावकोटाजवळ मातीच्या भट्टीत भाकऱ्या भाजून विकायची. दुर्सफ तेव्हा इतकी हडकुळी होती, की मी काही केल्या वाकेना.

"वाकतच नाही ही बया!" ती वैतागून म्हणाली.

"वाकेल," सी लमजद म्हणाले. "आधी नीट जेवून येत जा. आईच्या एवढ्या भाकऱ्या जातात कुठे?"

काठी वाकली नाही तर उडी होत नाही. पळत येऊन माझं टोक जमिनीतल्या खोबणीत खुपसायचं, मी धनुष्यासारखं वाकायचं आणि सरळ होताना खेळाडूला आभाळाकडे फेकायचं, असा आमचा धंदा. तो हिवाळा दुर्सफ नुसती धडपडत राहिली. वसंतात एका संध्याकाळी मात्र तिचा पाय अचूक पडला आणि मी वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच! माझ्या अंगातला प्रत्येक धागा ताणला गेला. ती वर गेली, गादीवर पडली आणि तिथेच लोळत हसत सुटली. मित्रांनो, ते हसू मला अजून ऐकू येतं.

पुढची काही वर्षं माझ्या सुखाची होती. सराव संपला की ती मला मऊ कापडाने पुसायची आणि कुठे ओरखडा तर नाही ना, म्हणून अंगावरून अंगठा फिरवायची. ती वाढली, भरली. मग तिच्यासाठी माझ्याहून ताठ अशी एक नवी काठी आली. मोठ्या उंचीला ती आणि सुरुवातीच्या उड्यांना मी, असं ठरलं. मला थोडं वाईट वाटलं, पण तिला एवढं दणकट करण्यात माझाही हात होताच की!

त्याच साली भूमध्य समुद्राकाठच्या देशांतल्या तरुण खेळाडूंची मोठी स्पर्धा आमच्याच मैदानावर भरली. कितीतरी देशांचे झेंडे लागले, सात भाषांत आरडाओरडा सुरू झाला. जी मुलगी जिंकेल तिला परदेशातल्या मोठ्या केंद्रात शिकायला मिळणार होतं. दुर्सफ ते स्वप्न उशाला घेऊनच झोपत होती.

स्पर्धेच्या सकाळी एक मुलगी आमच्याकडे आली. हातात फक्त बूट. ती अल्जीरियातल्या बिजायाची थिझिरी, दुर्सफची सगळ्यात तगडी प्रतिस्पर्धी.

"आमच्या बसच्या टपावरून काठ्या सुटल्या," ती म्हणाली. "घाटात. मागून ट्रक येत होता." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझी जुनी काठी माझ्या वजनाची आहे. देशील?"

सी लमजदांनी दुर्सफला बाजूला ओढलं. "तिला हरवायचंय, की तिचं लग्न लावून द्यायचंय? काठी द्यायची सक्ती नाही. नियमच आहे तसा."

"मी गेले असते तिच्याकडे, तर?"

"तर तिच्या प्रशिक्षकाने तिला हेच सांगितलं असतं!"

दुर्सफने मला उचललं आणि थिझिरीच्या हातात दिलं. "जपून वापर. आणि मला सुरुवातीला लागेल हं."

त्या दुपारी मी दोघींना उचललं. एकीचे तळवे ओळखीचे, दुसरीचे नवखे, पण दोन्ही घामेजलेले. प्रेक्षकांतून दुर्सफची आई ओरडत होती, "अगं ए, स्वतःकडेही बघ जरा! काठ्या वाटत सुटलीये!" आजूबाजूचे लोक खो खो हसत होते.

हळूहळू बाकीच्या मुली बाद झाल्या आणि दोघीच उरल्या. आडवी दांडी अशा उंचीवर गेली जिथे दोघी कधी पोचल्या नव्हत्या. दुर्सफ तिच्या ताठ काठीने तिन्ही वेळा चुकली. थिझिरी माझ्यासह दोनदा चुकली. आता तीही चुकली असती, तर आधीच्या चुका कमी म्हणून सुवर्णपदक दुर्सफचंच होतं.

थिझिरीने मला शेवटचं उचललं. तेवढ्यात कठड्यापलीकडून आवाज आला, "अगं पोरी, मूठ वर घे! वर! ती काठी तेवढ्यावर वाकत नाही!"

ते सी लमजद होते! दुर्सफ डोळे फाडून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तोंडातून निघून गेलं," ते पुटपुटले. "चुकीची मूठ दिसली की राहवत नाही."

थिझिरीने मूठ वर घेतली. ती धावत आली, मी वाकले, पुरती वाकले, आणि सरळ झाले. दांडी जागची हललीसुद्धा नाही.

दुर्सफ गादीमागे जाऊन रडली. थिझिरीही तिच्याशेजारी जाऊन बसली. मला त्या दिवशी आनंद झाला की दुःख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

थिझिरी परदेशी गेली. पुढल्या वर्षी दुर्सफचा खांदा दुखावला आणि तिच्या उड्या थांबल्या. मी कोठीत पडले. माझ्यावर अडथळ्यांच्या लोखंडी चौकटी रचल्या गेल्या. कुणीतरी मला बाहेर काढलं ते जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, फळं झोडपायला. दोन हंगाम मी फांद्यांवर आपटले. मग कुंपणाला टेकून राहिले, उन्हात, पावसात. ज्या अंगावरून मऊ कापड फिरायचं त्यावर कोंबड्या चोची घासत होत्या.

तिथेच दुर्सफने मला ओळखलं. ती आता शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिने माझ्या अंगावरून अंगठा फिरवला. तो मध्येच एका खाचेवर अडला आणि तिचे डोळे भरले.

मित्रांनो, अशी एक बारीक खाच पुरते. दिसत नाही, दुखत नाही, पण कुणी हवेत असताना तिथूनच काठी मोडते. म्हणून सांगते, जे तुम्हाला उचलतं त्याला खाली ठेवताना हळू ठेवा. काम झालं म्हणून भिरकावू नका.

दुर्सफने मला तिच्या शाळेत नेलं. आता मी उडत नाही. लहान मुली मला घेऊन नुसतं पळायला शिकतात. परवा एकीने विचारलं, "बाई, तुम्ही त्या मोठ्या स्पर्धेत जिंकला होता?"

"दुसरी आले."

"मग पहिली कोण?"

"माझ्याकडून हीच काठी घेऊन उडालेली एक मुलगी."

"अय्या! मग दिलीत कशाला?"

"तिच्या मोडल्या होत्या," दुर्सफ म्हणाली. "चल, मूठ वर घे आणि पळ."

पोरगी मला घेऊन पळत सुटली.