वाढवून दिलेले दहा

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर लाल आकडा कधी एक्क्याण्णव दाखवायचा, कधी नव्वद, मध्येच काहीच नाही… आणि त्या काहीच नसलेल्या क्षणी बाई स्वतःचा श्वास धरून ठेवायच्या, जणू इथं वाचवलेला श्वास तिकडे यांच्या उपयोगी पडणार होता. यांचा हात चादरीवर उताणा पडला होता. नखांवरची निळी झाक गेली होती. डॉक्टरीणबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या : धोका टळला, दोन दिवस इथंच पडून राहू दे, आणि पुन्हा वर डोंगरात जायचं नाव काढू नका. मग दारातून वळून म्हणाल्या, "निळी नखं पाहून लगेच खाली आणलंत, तुम्ही वेळेवर ओळखलंत हो!"

वेळेवर! कालपासून हा शब्द तिसऱ्यांदा ऐकला होता आणि तिन्ही वेळा बाईंनी मान खाली घातली होती. लोकांना तो विनय वाटला.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हापासून त्या सगळ्यांच्या बाईच. निवृत्त झाल्या तरी हे संबोधन काही सुटलं नाही. सहलीच्या पहिल्याच दिवशी गाइडनं वही त्यांच्या हातात दिली — "बाई, तुमच्याइतकं चोख कोण लिहिणार?" — आणि नियम सांगितला : या उंचीवर हवा विरळ, म्हणून रोज सकाळी सहाही जणांच्या बोटाला यंत्र लावायचं, आकडा लिहायचा. पंचाहत्तरच्या खाली कोणी असेल तर गाडी वर जाणार नाही. गाडी एकच, एकासाठी सगळ्यांनी खाली उतरायचं.

परवा सकाळी यांच्या बोटावर अडुसष्ट आले होते.

आणि वर होतं ते सरोवर, आणि त्याच्या काठची, डोंगरात खोदलेली ती चित्रांची दालनं… पुस्तकातलं सरोवराचं ते काळंपांढरं, शाईनं भरून गेलेलं चित्र एकतीस वर्षं वर्गापुढं धरलं आणि दर वर्षी तेच सांगितलं, की मुलांनो, हे पाणी प्रत्यक्षात निळं आहे. कशावरून? मी कुठं पाहिलं होतं? या वयात पुन्हा कोण आणणार होतं मला इथं? यांना तर डोंगराची हौस मुळीच नव्हती. "तुझं बघून झालं की माझं झालं," म्हणत बिचारे मुकाट्यानं बरोबर आले होते. त्यांनी उशीवरूनच विचारलं होतं, "किती गं?" आणि बाईंच्या तोंडून आलं, "अठ्ठ्याहत्तर." तेच वहीतही उतरलं, सुवाच्य अक्षरात. जन्मात कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही. मुलींच्या आया दारात येऊन रडल्या तरी दिला नाही. आणि इथं एका फटक्यात दहा.

"पास म्हणजे," ते हसून म्हणाले होते.

पण अडुसष्टाचं एक वेळ राहू दे. चित्रं पाहताना दाराच्या चौकटीतून ते बाहेर दगडावर बसलेले दिसले, शर्टाच्या बटणांशी उगाचच चाळा करत — हे बाईंनी पाहिलं होतं. पाहिलं, आणि आणखी एक भिंत बघायला त्या आत वळल्या होत्या. सुरेख होती ती भिंत. हे कुणाला सांगणार?

दारावर टकटक झाली. गाइड होता. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

"कसे आहेत साहेब?"

"बरे आहेत. बसा ना."

तो बसला नाही. "बाई, आमच्या सहलीच्या मालकांनी यंत्र तपासून घेतलं. चांगलं आहे म्हणतात. मग तुलाच माणसाचा चेहरा वाचता आला नाही, या मोसमात पुन्हा गाडीवर येऊ नकोस, म्हणाले." त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "त्यांचंही बरोबर आहे. फक्त एकदा आठवून सांगाल? आकडा अठ्ठ्याहत्तरच होता ना? म्हणजे माझं कुठं चुकलं ते मला तरी कळेल."

सांगायचं. आत्ताच सांगायचं. त्यांनी तोंड उघडलंही —

"अठ्ठ्याहत्तरच होता," खाटेवरून आवाज आला. यांचे डोळे अर्धवट उघडे होते. "मी पाहिला ना. बाईंच्या वहीत चूक व्हायची नाही, बाबा."

पाहिला? चष्मा तर माझ्या पर्समध्ये होता! चष्म्याशिवाय यांना घड्याळाचे काटे दिसत नाहीत… काही पाहिलं नव्हतं यांनी. नुसत्या माझ्या शब्दावर साक्ष देऊन मोकळे झाले, आणि आता समाधानानं डोळे मिटून पडले आहेत.

"बरं," गाइड म्हणाला. "काळजी घ्या साहेबांची." आणि जिना उतरू लागला.

पकडलं जाण्याची तयारी बाईंनी केली होती, कुणी चारचौघांत बोल लावील याचीही. पण हे असं, डोळे मिटून ठेवलेला विश्वास… आता सांगायचं म्हणजे यांच्यादेखतच सांगावं लागणार होतं. उठावं, कठड्यावरून हाक मारावी. तो अजून अंगणातही पोचला नसेल. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. यांची बोटं त्यांच्या मनगटावर अलगद येऊन विसावली, तेवढ्यानं त्यांना बसून राहायला निमित्त मिळालं, आणि लाजेनं कानशिलं तापली तेव्हा बाईंना कळून चुकलं, की मघापासून आपण श्वास रोखून वाट बघत आहोत ती खाली गाडी सुरू होण्याची.