घासलेल्या तोंडाचा पाना

मित्रांनो, नट घट्ट बसला आणि हाताला दाद देईनासा झाला की माणसांना ज्याची आठवण येते, तो मी. दोन तोंडांचा जुना पोलादी पाना. माझं वय मला ठाऊक नाही. मला कोणत्या देशात, कोणत्या भट्टीत घडवलं ते म्हणे माझ्या अंगावर कोरलेलं होतं, पण ती अक्षरं केव्हाच झिजून गेली. जन्माचा दाखला माझ्याजवळ नाही. हातात घेऊन फिरवलं की मी कसला आहे ते कळतं, तेवढीच माझी ओळख.

मला मालवणला आणलं शंकरआजोबांनी. ते मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत खलाशी होते. त्यांच्यानंतर मी त्यांच्या मुलाच्या, हरिश्चंद्राच्या हाती आलो. हरिश्चंद्राची मासेमारीची होडी आहे आणि तिला डिझेलचं इंजिन आहे. त्या इंजिनाशेजारच्या पेटीत, तेलकट फडक्यावर माझी जागा होती. खारं पाणी म्हणजे पोलादाचा वैरी, पण हरिश्चंद्र काम झालं की मला पुसून, तेलाचा हात फिरवूनच ठेवायचा. मी चकचकीत होतो आणि थोडा गर्विष्ठही होतो. खोटं कशाला सांगू?

हरिश्चंद्राची मुलगी किशोरी. शाळेतून आली की दप्तर घरात टाकून ती थेट होडीवर यायची आणि बापाच्या आधी मला उचलायची. तिची आई सुगंधा हे बघून कपाळाला हात लावी.

"गो किशोरी, नखात ह्यां काळा घेवन जेवक बसतलंस काय?"

आता माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. इंजिन गार राहावं म्हणून समुद्राचं पाणी आत ओढणारा एक पंप असतो. आमच्या होडीत तो पार मागे, फळीला चिकटून बसवलेला. त्याचा एक नट अशा अडचणीत होता की माझं जाड तोंड तिथे शिरतच नसे. मग पंप तुंबला की दरवेळी तो अख्खा खाली उतरवावा लागे. एकदा भर समुद्रात इंजिन तापून बंद पडलं. वारा होडीला खडकांकडे ढकलत होता आणि बापलेक घाम पुसत पंप उतरवत होते. त्या दिवशी ते कसेबसे वाचले.

दुसऱ्या दिवशी किशोरीने मला बंदरावरच्या वर्कशॉपात नेलं आणि ग्राइंडरला लावलं. तेव्हा ती बारावीत होती. ठिणग्या उडत होत्या आणि मी मनातल्या मनात बोंब मारत होतो. पोलाद तापून मऊ पडू नये म्हणून ती मला पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवी आणि पुन्हा घाशी. माझं एक तोंड दोन्ही बाजूंनी पातळ झालं. माझं रूप गेलं! कितीतरी दिवस मी तिच्यावर रुसलो होतो. तो नट मात्र त्या दिवसापासून बसल्या जागी सुटू लागला, हे मला कबूल करावंच लागेल.

किशोरी पुढे मेकॅनिकल इंजिनियर झाली. भर समुद्रात ज्या पवनचक्क्या उभ्या करतात, त्या कामावर तिचं मन बसलं. तसं काम जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर चालतं. तिथे जाऊन काम शोधायला तिला तिथल्या सरकारकडून वर्षभराची मुदत मिळाली. तेवढ्यात मिळालं तर राहायचं, नाहीतर परत यायचं.

निघायच्या आदल्या दिवशी हरिश्चंद्राने मला फडक्यात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं. किशोरीने वजन होतंय म्हणून मला बाहेर काढलं. त्याने पुन्हा ठेवलं.

"रवांदे गो," एवढंच तो म्हणाला.

सुगंधाची काळजी निराळी होती, मुलीला तिथे कुणी हसू नये ही. कोकमं आणि कुळथाचं पीठ बॅगेत कोंबता कोंबता ती म्हणाली, "थंय होडीचा कायएक सांगा नको हां. मासेवाल्याचा चेडू म्हणान हसतले." किशोरीने मान हलवली. आईचं म्हणणं तिने मनाशी इतकं घट्ट धरलं की त्याने तिचं वर्ष जवळजवळ खाल्लं.

मित्रांनो, त्या देशातलं बंदर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाची गोष्ट काय सांगू! किशोरी मला पाठीवरच्या पिशवीत टाकून धक्क्यावर गेली होती. पिशवीची चेन अर्धी उघडी होती, तेवढ्यातून मी बघत होतो. पवनचक्कीचं एक पातं आडवं ठेवलेलं होतं. त्याच्या या टोकाला उभा माणूस त्या टोकाच्या माणसाला ओळखू शकला नसता. आमच्या बंदरातल्या साऱ्या होड्या रांगेने लावल्या तरी ते पातं उरलं असतं, असं मला वाटलं. माझं तोंड उघडंच राहिलं. तसं ते नेहमीच उघडं असतं म्हणा. किशोरी कुडकुडत उभी होती, पण तिथून हलायला तयार नव्हती.

पण नुसतं बघून काम मिळत नाही. तिची पदवी परदेशातली. ती तिथल्या पदवीच्या तोडीची आहे की नाही, हे आधी तपासून घ्यावं लागलं. तोडीची आहे, असं उत्तर आलं. त्या दिवशी तिने आनंदाने सोलकढी केली. मग मुलाखती सुरू झाल्या. लोक सभ्यपणे बोलत, पदवी बघून मान हलवत आणि हमखास विचारत, "तुम्ही स्वतःच्या हातांनी काय केलं आहे?" किशोरी कॉलेजातल्या प्रकल्पाचं सांगे, गुणांचं सांगे. मी पिशवीत तळमळत असे. अगं, होडीचं सांग ना! पण ती त्याचं नावही काढत नसे. मग चार दिवसांनी नम्र शब्दांत नकार येई.

पोटापाण्यासाठी ती एका हॉटेलात भांडी धुवायला जाऊ लागली. माझ्या नशिबी त्याहून वाईट आलं. माझ्याकडून ती अक्रोड फोडायची. कडेकडेने मला गंज चढू लागला. रागवायचं कुणावर? संध्याकाळी ती खिडकीशी बसून नुसती बाहेर बघायची. घरी फोनवर मात्र "सगळा बरा आसा" म्हणायची. मुदत संपत आली, तेव्हा तिने परतीच्या विमानांची चौकशीसुद्धा करून ठेवली.

शेवटची मुलाखत दसऱ्याच्या दिवशी आली. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पूजतात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या सकाळी किशोरीने माझा गंज घासून काढला, तेल लावलं आणि आईने दिलेल्या डबीतलं हळदकुंकू माझ्या अंगावर वाहिलं. झेंडू मिळेना, म्हणून रस्त्याकडेचं एक पिवळं रानफूल ठेवलं. मग निघताना मला एकटं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं. तिने मला पिशवीत घेतलं.

कारखान्याच्या दारावर रखवालदाराने पिशवी उघडायला लावली आणि मी टेबलावर आलो. मुलाखत घेणाऱ्या हान्सेनबाई तिला न्यायला तिथेच आल्या होत्या. करड्या केसांची, मोठ्या हातांची बाई. त्यांनी मला उचललं.

"हा गंज आहे का?" कुंकवाकडे बघत त्यांनी विचारलं.

"नाही. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते."

बाईंनी मला सावकाश फिरवलं. माझ्या पातळ तोंडावरून अंगठा नेला आणि तो तिथेच थांबला.

"हे कुणी घासलं?"

किशोरी पिशवीची चेन लावू लागली. आईचे शब्द तिच्या कानात वाजत असणार. मला वाटलं, ही आताही बोलणार नाही आणि आम्ही दोघं घरी जाणार.

"मी," ती हळूच म्हणाली.

"का?"

मग मात्र बांध फुटल्यासारखी ती बोलत सुटली. होडी, पंप, फळीला चिकटलेला तो नट, खडकांकडे ढकलणारा वारा, सगळं. तिने रखवालदाराकडून कागद मागून घेतला आणि पंपाचं चित्र काढलं. हान्सेनबाई मधेमधे अवघड प्रश्न विचारत होत्या आणि ती उत्तरं देत होती. मुलाखत दारातच झाली.

"हे तुम्ही अर्जात का लिहिलं नाही?" शेवटी बाईंनी विचारलं.

"ते घरचं काम होतं."

"पदवी आमच्या लोकांनी पाहिली आहे, ती चांगली आहे," बाई म्हणाल्या. "पण काम अडल्यावर तुम्ही काय करता, ते मला हवं होतं. चला, आत या."

आत काय होतं म्हणून सांगू! देवळाच्या कळसाहून उंच छप्पर. पवनचक्कीच्या खांबाचा एक तुकडा आडवा पडलेला, त्यातून आमची होडी जाळ्यांसकट गेली असती. आणि नट? शहाळ्याएवढा एकेक नट, मित्रांनो! तो फिरवायला यंत्रं होती. माझ्यासारखे हजार पाने एकत्र आले असते तरी त्यांना तो हलवता आला नसता. मला लाज वाटली नाही. उलट अंगावर काटा आला. नट म्हणजे शेवटी नटच, आणि एवढा थोरला असूनसुद्धा त्याला कुणीतरी घट्ट करावंच लागत होतं. किशोरीने त्याच्यावर तळहात ठेवला आणि ती रडू लागली.

तिला काम मिळालं. त्या संध्याकाळी तिने घरी फोन लावला. सुगंधा आनंदाने रडत देवापुढे साखर ठेवायला धावली. फोनवर हरिश्चंद्र उरला. किशोरीला एकदम काहीतरी सुचलं.

"बाबा, तो पंपाचो नट तुमी आता कसो सोडयतास?"

"पंप खाली काढतंय. पयल्यासारखो."

"दुसरो पानो घासून घेवक नाय?"

"घासलंय गो. तेचा तोंड फाकला. तसला पोलाद आता खंय गावता?"

"मगे ह्यो माका कित्याक दिलात?"

हरिश्चंद्र "आवाज येना नाय" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आवाज चांगला येत होता.

मला उगाच वाटायचं की मी तिला सोबत म्हणून आलो. त्या माणसाने स्वतःचा जीव समुद्रात अडचणीत घालून मला धाडलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

कामावर रुजू झाल्यावर किशोरीने हान्सेनबाईंची परवानगी घेऊन कारखान्यातल्या वर्कशॉपात एक नवा, चांगल्या पोलादाचा पाना घासला. मला शेजारी ठेवून, माझ्या तोंडाचं माप घेत घेत. या वेळी ठिणग्या बघायला मला मजा आली. तो मालवणला गेला. पंपाचा नट त्याने पहिल्याच झटक्यात सोडवला, हे सांगायला हरिश्चंद्राने होडीवरूनच फोन केला.

"बरो आसा ह्यो नवो," तो म्हणाला. "माझो खंय आसा?"

"माझ्याकडे. तो धाडू?"

"नको. तुझ्यापाशीच रवांदे. थंय कोणतरी वळखीचो व्होयो."

आता मी खिडकीशी असतो. दर रविवारी किशोरी मला पुसून तेल लावते. अक्रोडांसाठी तिने वेगळा अडकित्ता आणला आहे.

मित्रांनो, काम झालं की हत्यार पुसून ठेवा, एवढं तर मी म्हणणारच. हाताला लागलेलं काळं कुणापासून लपवू नका. आणि दूर कुठे निघालात, बॅग जड झाली, तर तुमचे कपडे कमी करा, पुस्तकं कमी करा. पण बापाने न सांगता काही आत ठेवलं असेल, तर ते बाहेर काढू नका.