कुसाबाईंचा शेवटचा डबा

दाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक होतो, हे १९७८ साली नाशिकरोडच्या त्या कॉलनीत कुणाला सांगून पटलं नसतं. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर दाण्यांचंच राज्य. आणि नेमका तोच दाणा सुलाबाईंच्या नऊ वर्षांच्या वैजूच्या जिवावर उठला होता. गेल्या वर्षीच्या हादग्यात तिनं खिरापतीचा अर्धा लाडू खाल्ला न खाल्ला तोच ओठ सुजले, श्वास कोंडला. पोरगी वाचली, हेच नशीब. "दाण्याचा कणसुद्धा द्यायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं.

यंदा हादगा बसला आणि वैजू खिडकीशी बसली. खाली पोरी हत्ती काढलेल्या पाटाभोवती फेर धरून गायच्या, ही आतून टाळ्या वाजवायची. सुलाबाईंना ते बघवेना. पण खिरापत येते झाकल्या डब्यातून. आत काय ते पोरींनी ओळखायचं, आधी सांगायची सोयच नाही. मग लेकीला धाडायचं कुणाच्या भरवशावर?

शेवटी पदर खोचून त्या घरोघर फिरल्या. "दाणा तेवढा नको, आणि डब्यात काय ते माझ्या एकटीच्या कानात सांगा. मी तोंडाला कुलूप लावते." बायका आधी हसल्या. मग शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "हसता काय? आपली पोर असती तर?" तशी एकेक जण कबूल झाली.

अडून बसल्या त्या कुसाबाई. शेवटच्या दिवसाचा शेवटचा डबा त्यांचा, आणि त्यांचे दाण्याचे लाडू कॉलनीभर नावाजलेले. "कानात सांगितली तर ती खिरापत कसली? मी नाय सांगायची." सुलाबाईंनी हात जोडले, पण म्हातारी ढिम्म हलली नाही.

तरी शेवटच्या दिवशी वैजू फेरात उतरलीच. कानात सांगितलेले डबे एकामागून एक उघडत गेले आणि पोरीनं वर्षाची भूक भागवल्यासारखं खाल्लं. मग कुसाबाईंचा डबा आला. सुलाबाई लेकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तिचा खांदा घट्ट धरून.

"दाण्याचे लाडू!" पोरी एका सुरात ओरडल्या.

"नाय."

"वड्या? करंज्या?"

"नाय, नाय. हरलात का?"

वर्षभर प्रत्येक घास हुंगून खाणाऱ्या वैजूनं डब्याला नाक लावलं. "नागलीचे लाडू! खोबरं घातलेले!"

"वळखलं की टवळीनं!" कुसाबाईंनी झाकण काढलं.

सुलाबाईंचा हात तरी सुटेना. "मावशी, कढई..."

"चार दिस घरात दाना नाय. कढई, खल, डबा, समदं राखेनं घासलंय. आमचं म्हातारं बिगरकुटाची भाजी बघून रोज तोंड वाकडं करतंय."

"मग तेव्हाच सांगायचं की! माझा जीव टांगणीला लागला होता."

"खिरापत हाय ती, सुला. सांगत नसत्यात."

कुसाबाईंनी पहिला लाडू वैजूच्या हातावर ठेवला. बाकीच्या पोरी डब्यावर तुटून पडायच्या, पण आज कुणी हात पुढे केला नाही. वैजूनं आईकडे पाहिलं. सुलाबाईंनी मान हलवली आणि खांदा सोडला. पोरीनं लाडू संपवला, ओठ पुसले, आणि अंगणात असा काही गलका उठला की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. सुलाबाई सगळ्यांदेखत रडत होत्या आणि हसतही होत्या.

दुसरा लाडू वैजूनं आईकडे न बघताच उचलला.